राखता येईल तेवढंच मांड

अगं, तुझी यादी वाचली. कोंबड्यांचा खुराडा, खताचा हौद, पत्र्याचं पाणी धरायला ड्रम, बांधाला तारेचं कुंपण, मळ्यात बसायला मांडव, आणि तळाशी दोनदा अधोरेखित करून लिहिलेलं ‘शेततळं – स्वतः’. ती शेवटची ओळ पाहुण्यांच्या, म्हणजे तुझ्या नवऱ्याच्या अक्षरातली आहे, ते मी ओळखलं. वाळूजची नोकरी सोडून वडिलांच्या दोन एकरांत आलेला माणूस आहे तो, हात शिवशिवणारच त्याचे. त्यात वाईट काही नाही. उलट घरचं माणूस हातात पहार घेतंय म्हटल्यावर निम्मी मजुरी वाचते.

पण यादी जशीच्या तशी सुरू करू नका. मोबाईलवर दहा मिनिटांत खुराडा उभा राहतो, हौद बांधून होतो, वेल मांडवावर चढतो. पुढच्या उन्हाळ्यात त्याचं काय झालं, ते कुणी दाखवत नाही. म्हणून प्रत्येक कामापुढे एक प्रश्न लिही: हे राखणार कोण? कोंबड्या रोज तिन्हीसांजेला कोंडायच्या कुणी, हौदावर पाणी मारायचं कुणी, पन्हाळीतला पाला काढायचा कुणी? आतली गोष्ट सांगते, तुझ्यापुरती ठेव. बांधायच्या दिवशी गडीमाणसं असतात, फोटोही निघतात. नंतरची रोजची निगा न बोलता बाईच्या वाट्याला येते. तेव्हा यादी ठरते त्या बैठकीत तू चहा देऊन आत जाऊ नकोस. तिथंच बस.

आता क्रमाने घे. पहिलं काम पाण्याचं, आणि ते मृगाच्या आत. तुमचं रान उताराचं. वरच्या अंगाला हलका मुरूम, खाली पट्टीत काळी. जोराचा पाऊस झाला की वरची चांगली माती शेजाऱ्याच्या रानात जाऊन बसते. ही माती आणि हे पाणी अडवायला जेसीबी लागत नाही, उतार कळावा लागतो. तो कळायला एक साधी चौकट कर. सात-सात फुटांचे दोन सारखे बांबू घे, वरचं टोक एकत्र बांध, खालचे पाय फाकव आणि मध्ये आडवी काठी घट्ट बांध. वरच्या टोकाला सुतळी बांधून तिला दगड लटकव, म्हणजे सुतळी आडव्या काठीवर टेकेल. आता दोन खुंट्या ठोकून त्यांवर चौकटीचे पाय ठेव आणि सुतळी जिथं थांबेल तिथं काठीवर खूण कर. मग पायांची अदलाबदल करून पुन्हा खूण कर. दोन्ही खुणांचा मध्य म्हणजे तुझी पातळी. सुतळी त्या मध्यावर आली की दोन्ही पाय समान उंचीवर आहेत असं समज. असे पाय टाकत, खुंट्या ठोकत रानभर गेलीस की समतल रेषा आपोआप आखली जाते. वारा असताना मात्र करू नको, दगड हलत राहतो आणि चिडचिड होते.

त्या रेषेवर चर खण. माती उताराच्या खालच्या अंगाला टाक, म्हणजे तिचा बांध होतो. बांधावर मारवेलचे ठोंब लाव. माती धरून ठेवतील आणि गाईला वैरणही होईल. आणि पाणी जादा झालं तर निघून जायला दगडांचा सांडवा ठेव. सांडवा नसला की पाणी स्वतःच वाट काढतं, आणि ती वाट बांध फोडूनच जाते. पानी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा २०१६ साली वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव अशा तीन तालुक्यांत सुरू झाली. तेव्हा गावोगावच्या बायाबापड्यांनी टिकाव-फावड्यांनी असलीच कामं केली. त्यांना जमलं, तुम्हाला का नाही जमणार?

फक्त हद्दीच्या बांधाला हात लावण्याआधी शेजाऱ्याला बोलाव. बोटभर बांध कोरला म्हणून भावाभावांत कोर्ट चालतं आपल्याकडे, तिथं तुम्ही तर नव्याने आलेले. सांडव्याचं पाणी कुठं जाणार, ते त्याच्यासमोर दाखव. सासऱ्यांनाही बरोबर घे. चाळीस पावसाळे त्यांनी ते रान पाहिलंय. पाणी कुठून शिरतं, हे ते पायाने दाखवतील.

उतारावर पाणी कसं खेळवायचं, याचा धडा तर तुमच्या खुलताबादलाच आहे. मलिक अंबरची कबर आहे ना तिथं? १६२६ साली गेला तो. त्याच्या काळात खडकीला, म्हणजे आजच्या आपल्या संभाजीनगरला, डोंगराकडचं पाणी जमिनीखालच्या नहरीनं आणलं. पंप नाही, वीज नाही, सगळा कारभार उताराचा. मला त्यात सगळ्यांत शहाणपणाचं काय वाटतं सांगू? नहरीला जागोजागी माणूस आत उतरेल अशी तोंडं ठेवलेली होती. गाळ साठणार हे बांधणाऱ्याने आधीच धरलं होतं. पाहुण्यांना हेच सांग. पाईप पुरायचा तर तो उघडून साफ कुठून करायचा, ते ठरल्यावरच माती ओढायची.

आता पत्र्याचं पाणी. हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर पत्र्यावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. तुमचा गोठा २० बाय १५ फुटांचा, म्हणजे ३०० चौरस फूट, साधारण २८ चौरस मीटर. वीस मिलिमीटरचा एक बरा पाऊस झाला तर साडेपाचशे लिटर पाणी पागोळ्यांना येतं. २०० लिटरचे तीन ड्रम जवळजवळ भरले. म्हणजे एकाच पावसात ड्रम काठोकाठ, आणि पुढचा पाऊस उभाच आहे. त्यामुळे ड्रम किती घ्यायचे यावर डोकं घालू नका. भरल्यानंतरचं पाणी कुठं जाणार, ते आधी ठरवा. सासऱ्यांचा अद्रकाचा तुकडा गोठ्याच्या खालच्या बाजूला आहे, हे विसरू नका. गादीवाफ्यांत पाणी तुंबलं की कंदकूज शिरते आणि हाताशी आलेलं पीक नासतं. एका हौशी कामापायी म्हाताऱ्याचं वर्षाचं पीक गेलं, तर घरात चूल दोन होतील. पाणी त्या तुकड्याच्या उलट बाजूला, लिंबाच्या आळ्यात काढा. पहिल्या पावसाचं पाणी ड्रममध्ये घेऊ नका, पत्रा धुऊन निघू दे. आणि ड्रमची झाकणं घट्ट ठेवा, नाहीतर डास पाळल्यासारखं होईल. हे पाणी गुरांना आणि रोपांना वापरा, पिण्याला नको.

मोरीचं पाणी अंगणात पसरतंय असं तू म्हणालीस. त्याला दोन वाटा आहेत. केळी आणि अळू लावून तिकडं वळव, नाहीतर शोषखड्डा कर. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीनं घरोघरी शोषखड्डे करून उघडी गटारं आणि डास, दोन्हींना गावाबाहेर काढलं. त्यावरूनच ‘नांदेड पॅटर्न’ हे नाव पडलं. चार फूट लांब, चार रुंद, चार खोल असा खड्डा घे, आत दगड भर, मध्ये भोकं पाडलेली छोटी टाकी किंवा रांजण ठेव. भांड्यांचं खरकटं आणि केस आधी जाळीत अडले पाहिजेत. ती जाळी आठवड्याला झाडायची, हेच त्याचं राखणं. विहिरीपासून मात्र लांब घे.

पाण्यानंतर मातीचं काम. पऱ्हाटी आणि तुराट्या बांधावर पेटवून देतात ना, ते तुमच्यापुरतं तरी बंद करा. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे, ज्यांना लोक नाडेप काका म्हणत, त्यांनी खताची एक पद्धत बसवली. थोड्या शेणात भरपूर कचरा कुजवायचा, हा तिचा गाभा. म्हणून एका गाईच्या घराला ती सोयीची. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच विटांचा हौद बांधायचा आणि भिंतींना हवेसाठी भोकं ठेवायची. आत काडीकचऱ्याचा थर, त्यावर शेणकाला, त्यावर माती, असे थर रचत जायचे आणि वरून शेणमातीनं लिंपून टाकायचं. तीन-चार महिन्यांत खत तयार होतं. पण लक्षात घे, हौद भरताना दीड-दोन हजार लिटर पाणी लागतं, आणि लिंपणाला भेगा पडल्या की पुन्हा बुजवाव्या लागतात. म्हणून हौद उन्हाळ्यात भरायला घेऊ नका. दिवाळीनंतर विहिरीला पाणी असतं, काडीकचराही असतो, तेव्हा घ्या. पहिल्या वर्षी विटासुद्धा नकोत. सावलीत साधा ढीग करून हात बसवा. जीवामृताचा ड्रम तुम्ही लावलाच आहे म्हणे. दहा किलो शेण, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन, हे दर खेपेला घरातून जाणार. सासूबाईंच्या डब्यातलं बेसन परस्पर घेऊ नको बाई, तेवढं सांभाळ.

आता माझं लाडकं काम सांगते. तुझ्या यादीत ते नाहीच. पेरूची चार झाडं आहेत तुमची, शिवाय भाजी निघते. एप्रिलमध्ये सकाळी तोडलेली मेथी दुपारी मान टाकते, म्हणून मिळेल त्या भावाला देऊन टाकावी लागते. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेनं त्यासाठी विजेशिवाय चालणारा शीतकक्ष काढला. तो कुठलाही गवंडी एका दिवसात उभा करतो, तूही करशील. झाडाच्या सावलीत, वारा खेळेल अशा जागी विटांचा एक थर अंथर, १६५ सेंटीमीटर लांब आणि ११५ रुंद. त्याच्या कडेनं विटांच्या दोन भिंती घे, एकीत एक, उंची साडेसदुसष्ट सेंटीमीटर. दोन्ही भिंतींमध्ये साडेसात सेंटीमीटरची फट ठेव आणि ती ओल्या वाळूनं भर. वर बांबूच्या चौकटीवर गोणपाट किंवा वाळ्याचं झाकण घाल. बाहेरून पाणी मार. कोरडी वीट आधी घटाघटा पाणी पिते, रंग फिक्या विटकरीचा गडद तांबडा होतो, मग ती पाणी बाहेर सोडू लागते. भर दुपारी बाहेरच्या भिंतीला हात लाव आणि मग झाकण उचलून आत घाल, फरक लगेच कळतो. ओल उडताना उष्णता घेऊन जाते, एवढंच त्यातलं शास्त्र. आत क्रेटमध्ये भाजी ठेवली की कितीतरी जास्त टिकते.

ह्याचंही राखणं आहे. सकाळ-संध्याकाळ वाळू भिजली पाहिजे, रोज दोन-चार हंडे पाणी जाणार. मे महिन्यात विहीर तळाला गेली तर ते परवडेल का, ते आधी बघ. आणि पावसाळ्यात हवाच ओली असते, तेव्हा तो काम करत नाही. तेव्हा रिकामा करून वाळू वाळव, पालीविंचू बघून घे. श्रावणात त्याची गरजही नाही तुला. श्रावणी शनिवारी खुलताबादच्या भद्रा मारुतीला पायी जाणारी माणसं रात्रभर रस्त्यानं असतात. आंबे बहाराचा पेरू त्याच वेळी उतरतो. चार बांबू, एक ताडपत्री, मीठ-तिखटाची वाटी घे आणि टपरी मांड. रस्त्याच्या कडेपासून आत, स्वतःच्या जागेत बसा म्हणजे झालं. पुढं सीताफळालाही तीच टपरी कामाला येईल.

खुराडा करा, पण दहा-बारा गावरान कोंबड्यांचाच. जमिनीपासून दोन फूट उंच, पायांवर उभा. खाली विष्ठा पडते ती थेट खतात. जाळी बारीक डोळ्याची, अर्ध्या इंचाची हवी. मोठ्या डोळ्याच्या जाळीतून मुंगूस पिल्लं ओढतं, साप तर आरामात शिरतो. कडी बाहेरून आणि दुहेरी ठेवा. मानमोडीची लस चुकवू नका, पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून तारखा भिंतीवर लिहून ठेव. मांडवाचं म्हणशील तर बांबूच्या बुडाला डांबर लावून पुरा, कारल्या-दोडक्याचे वेल चढवा. त्यावर अजून काही सांगायचं नाही.

कुंपणावर मात्र नीट ऐक. रानडुकरं आणि रोही रात्री मका लोळवतात, माणूस वैतागतो. जुन्या साड्या आहेत ना? रानाच्या कडेनं खुंटांना बांधत जा. वाऱ्यानं फडफडतात, रोही बिचकतात. सगळीच जनावरं कायम फसत नाहीत, म्हणून जागा आणि रंग बदलत राहा. स्वस्त आहे, फाटली तर दुसरी बांधता येते. पण कुणी शेजारी सांगेल की रात्री तारेत लाईट सोडा, सोपं आहे. नाही. ऐकायचंसुद्धा नाही. दर साल अशा तारांना चिकटून माणसं मरतात, कधी घरचीच, पहाटे पाणी द्यायला निघालेली. गुन्हाही दाखल होतो. बॅटरीवरचं झटका मशिन वेगळं असतं, ते ठोक्याठोक्यानं झटका देतं. घ्यायचं तर चांगल्या कंपनीचं, बिलासकट, आणि बसवणाऱ्याकडून बसवून घ्या. स्टार्टरची पेटी, मोटारीचं अर्थिंग, हे तर पाहुण्यांच्या यादीतून आजच खोडून टाक. वायरमनला बोलवा. रात्रीच्या लाईटला रानात जायचं तर गमबूट आणि बॅटरी, मग कितीही उकडत असो. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चारही विषारी साप आपल्याकडे आहेत. साप चावला तर मांत्रिक नको, वेळ न घालवता सरकारी दवाखाना गाठायचा.

आणि शेततळं. ‘स्वतः’ हा शब्द खोडा. खोली, उतार, येणारं पाणी, कागद, सगळं मोजून करायचं काम ते, आणि पैसाही मोठा. अनुदानासाठी महाडीबीटीवर अर्ज करायचा, मंजुरीआधी खोदायचं नाही. त्याआधी एकदा जालन्याजवळच्या कडवंचीला जाऊन या. विजयअण्णा बोराडे आणि मराठवाडा शेती साहाय्य मंडळाच्या माणसांनी तिथं गावाबरोबर पाणलोटाची कामं केली. आधी माथ्यापासून पाणी अडवलं, मग शेततळी आली, मग द्राक्षं. क्रम बघून या, तोच शिकण्यासारखा आहे. ज्यांच्याकडे प्लास्टिकच्या कागदाचं तळं आहे, तिथं एक गोष्ट नक्की बघ: काठाला गाठी मारलेला दोर आणि जुने टायर सोडलेत का. त्या कागदावर पाय ठरत नाही, पट्टीचा पोहणाराही वर येऊ शकत नाही. तुमचं झालंच तर पाणी भरण्याआधी दोर पडला पाहिजे, चारी बाजूंनी कुंपण हवं आणि पोरांना तिकडं जायची बंदी हवी. विहिरीलाही कठडा आहे का बघ. नसला तर ते काम यादीत सगळ्यांत वर घाल, मांडवाच्या आधी, खुराड्याच्या आधी.

एक तुझ्यासाठी म्हणून सांगते. एवढं सगळं करताना एक तुकडा असा माग, की ज्यात काय लावायचं ते तू ठरवशील. पाच गुंठे पुरेत सुरुवातीला. धाराशिव-लातूरकडे स्वयम शिक्षण प्रयोग या संस्थेनं दुष्काळात बायकांना हेच शिकवलं. घरातल्या माणसांशी बोलून अर्धा-एक एकर मागून घ्यायचं, त्यात कमी पाण्याची भाजी-धान्यं घ्यायची, आधी घरचं ताट भरायचं. २०१६ साली त्या कामाला संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. पुरस्कार जाऊ दे. पाच गुंठ्यांत गवार, वाल, अंबाडी निघाली की बाजारचा खर्च वाचतो आणि घरात तुझ्या शब्दाला वजन येतं. बियाणं दर साल विकत घेऊ नको. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे गावरान बियाण्यासाठी पद्मश्री झाल्या, पण बी राखायला आपल्या आजीलाही येत होतं. राखेत घोळायचं आणि कोरड्या मडक्यात तोंड बांधून ठेवायचं. विचारायला जायचं तर पैठण रोडचं किंवा गांधेलीचं कृषी विज्ञान केंद्र आहे, रोपांसाठी हिमायतबागेतलं फळ संशोधन केंद्र. तिथं पाहुण्यांना एकटं पाठवू नको, तू जा. प्रश्न तुझेच असणार आहेत.

पैशाचंही ऐक. प्रत्येक कामाचा खर्च वेगळ्या वहीत लिही, मजुरी घरची असली तरी दिवस लिही. दिवाळीला वही काढली की कोणत्या कामानं काय परत दिलं ते सगळ्यांसमोर दिसतं, आणि वाद निम्मे मिटतात.

तर यंदापुरतं इतकंच धरा. मृगाआधी विहिरीचा कठडा, उताराचे चर, पत्र्याची पन्हाळ. पावसात मारवेल, साड्या, तुझे पाच गुंठे. दिवाळीनंतर खताचा ढीग आणि खुराडा. होळीनंतर विहिरीचं पाणी बघून विटांचा शीतकक्ष. शेततळ्याचा विषय कडवंची बघून आल्यावर काढू, असं पाहुण्यांना सांग. आणि जाल तेव्हा मलाही फोन करा, तुझ्या दाजींनाही न्यायचंय. त्यांच्याकडेही एक यादी आहे.